काल चालत होतं, आज परमिशन डिनाइड: लिनक्स डेस्कटॉपवर एसएसएचची किल्ली अडते तेव्हा

"दादा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लागत होतं. आज सकाळपासून परमिशन डिनाइड. मी काहीच केलेलं नाही."

सोमवारी सकाळी साडेनऊचा फोन. साताऱ्याहून, आमच्याच टीममधला मुलगा. एसएसएचने, म्हणजे टर्मिनलमधून दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीने, सर्व्हरला जोडू बघत होता. 'मी काहीच केलेलं नाही' हे ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "शनिवार-रविवारी अपडेट मारलंस का?" पलीकडे थोडी शांतता. "हो, नव्या व्हर्जनवर अपग्रेड केलं. पण त्याचा काय संबंध?" आणि मग जरा हळू आवाजात, "एक नवीन की पण बनवून बघितली. तरी तेच."

नवी किल्ली बनवणं हा या दुखण्यावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. दाराचं कुलूप उघडेना म्हणून बाजारातून दुसरं कुलूप-किल्ली आणायचं, नवं कुलूप पिशवीतच ठेवायचं आणि नवी किल्ली जुन्या कुलपात घालून बघायची, असा तो प्रकार. त्यात एसएसएच-कीजेन या किल्ल्या बनवणाऱ्या आज्ञेने 'ओव्हरराइट?' विचारल्यावर घाईत 'वाय' दाबलंत, तर जुनी किल्लीही गेली, आणि ती परत मिळत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एक, मी 'की' न लिहिता 'किल्ली' लिहिणार आहे. नाहीतर 'की असं की' करत बसावं लागतं. आणि पब्लिक की ही खरं तर किल्ली नाहीच, ते कुलूप आहे; सर्व्हरवर लावायचं आणि कोणालाही दाखवायला हरकत नाही असं. दुसरं, आज्ञा मी फोनवर सांगतो तशा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी बघा, मागतंय काय

निम्मे लोक 'पासवर्ड मागतंय' असं सांगतात आणि प्रत्यक्षात स्क्रीनवर वेगळंच लिहिलेलं असतं. 'एंटर पासफ्रेज फॉर की' आणि पुढे फाइलचा पत्ता, असं दिसत असेल तर तो प्रश्न तुमचाच संगणक विचारतोय. किल्लीच्या फाइलला तुम्ही स्वतः जो परवलीचा शब्द लावला होता तो हवाय. तो शब्द तुमच्या संगणकाबाहेर कुठेही जात नाही. याउलट यूजरचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह, सर्व्हरचं नाव आणि पुढे 'पासवर्ड' असं असेल, तर सर्व्हरने तुमच्या सगळ्या किल्ल्या नाकारल्यात आणि आता तो खात्याचा पासवर्ड मागतोय. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे. पहिल्यासाठी सर्व्हरला हात लावायची गरजच नाही.

'कनेक्शन टाइम्ड आउट' किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत असेल तर किल्लीचा काहीच दोष नाही, गाडी अजून दारापर्यंत पोचलेलीच नाही. होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर २२ नंबरचं पोर्ट बंद असणं नेहमीचंच. अशा ठिकाणी गिटहबसाठी 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' हा पत्ता ४४३ पोर्टवर चालतो, तेवढं एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवायचं.

'परमिशन डिनाइड' आणि कंसात 'पब्लिककी' असा निरोप आला तर त्यातून कारण कळत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसाला 'खातं आहे पण किल्ली चुकली' की 'असं खातंच नाही' हे सांगायचं नसतं. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. पण तिथे जाण्याआधी आपल्याकडची बाजू तपासून घेऊ.

डॅश व्ही आणि तीन शक्यता

'एसएसएच -व्ही' आणि पुढे सर्व्हरचं नाव. पडद्यावर साठ-सत्तर ओळी धावतात आणि माणूस घाबरून खिडकी बंद करतो. त्यातल्या तीन प्रकारच्या ओळीच शोधायच्या.

'विल अटेम्प्ट की' ही पहिली. तुमच्याकडून कोणकोणत्या किल्ल्या पुढे केल्या जाणार त्याची ही यादी. ओळीच्या शेवटी 'एजंट' असेल तर ती एजंटकडून (किल्ल्या सांभाळून तुमच्या वतीने सही करणारा, मागे चालणारा प्रोग्राम) आली, 'एक्स्प्लिसिट' असेल तर कॉन्फिगमधून किंवा आज्ञेतून. दुसरी 'ऑफरिंग पब्लिक की', म्हणजे ती सर्व्हरला दाखवली. तिसरी 'सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट्स की', म्हणजे सर्व्हर म्हणाला, हो, हे कुलूप माझ्याकडे आहे, आता उघडून दाखव.

तुमची नेमकी किल्ली ऑफर होतच नसेल तर घोटाळा तुमच्या डेस्कटॉपवर. ऑफर होतेय पण अ‍ॅक्सेप्ट नाही, तर सर्व्हरवर. अ‍ॅक्सेप्ट होतेय आणि त्यानंतर बिनसतंय, तर सही करण्यात अडचण आहे, म्हणजे एजंट, पासफ्रेज किंवा अल्गोरिदम. किल्लीची ओळख फाइलच्या नावावरून नको, ठशावरून करा. ऑफरिंगच्या ओळीत एसएचए२५६ ने सुरू होणारा ठसा असतो, तोच 'एसएसएच-कीजेन -एल -एफ' आणि फाइलचं नाव दिल्यावर मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून पहिली पाच-सहा आणि शेवटची पाच-सहा अक्षरं जुळवली की पुरे.

साताऱ्याच्या फोनवर आम्ही हेच केलं. "ऑफरिंगमध्ये काय दिसतंय?" "आयडी अंडरस्कोर ईडी२५५१९." "ती कधीची?" "ही आज सकाळची, नवीन." "आणि जुनी? तिचं नाव काय होतं?" "ऑफिस-लॅपटॉप." "ती यादीत आहे?"

नव्हती. सर्व्हर आज सकाळी बनवलेली किल्ली नाकारत होता आणि ते अगदी बरोबर होतं. जी चालली असती ती कोणी दाखवतच नव्हतं.

एजंट कुठे गेला

एसएसएच स्वतःहून फक्त ठरावीक नावांच्या फाइली उघडून बघतं: डॉट-एसएसएच फोल्डरमधली आयडी_आरएसए, आयडी_ईसीडीएसए, आयडी_ईडी२५५१९ आणि हार्डवेअर टोकनवाली त्यांची भावंडं. 'ऑफिस-लॅपटॉप' नावाची किल्ली त्याच फोल्डरमध्ये असली तरी ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग याचं इतकी वर्षं चाललं कसं? कॉन्फिग फाइल तर रिकामी होती.

चालवत होता एजंट. नोम या लिनक्सवरच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर लॉगिन केलं की त्याचा स्वतःचा एजंट मागे सुरू होतो, आणि डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये ज्या किल्लीशेजारी तिची 'डॉट पब' फाइल आहे ती आपणहून उचलतो, नाव काहीही असो. पासफ्रेजही लॉगिनच्या कीरिंगमध्ये, म्हणजे डेस्कटॉपच्या पासवर्डांच्या तिजोरीत, लक्षात ठेवतो. इतकं बिनबोभाट चालतं की मधे कोणी एजंट आहे हे माणसाला कळतही नाही.

टर्मिनलमधल्या एसएसएचला हा एजंट सापडतो तो 'एसएसएच_ऑथ_सॉक' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून. त्यात एका सॉकेटचा, म्हणजे एजंटशी बोलायच्या दाराचा, पत्ता असतो. जुन्या नोममध्ये तो पत्ता 'रन / यूजर / १००० / कीरिंग / एसएसएच' असा होता. नंतर हे काम नोम-कीरिंगकडून काढून नोमच्याच जीसीआर या भागातल्या एजंटकडे दिलं गेलं आणि पत्ता 'रन / यूजर / १००० / जीसीआर / एसएसएच' झाला. अपग्रेड करणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, सांगायची गरजही नसते, कारण डेस्कटॉप नवा पत्ता आपोआप भरतो. पण आमच्या मुलाने कधीतरी कुठल्या तरी अडचणीवर उपाय म्हणून बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना दर वेळी चालणारी फाइल) जुना पत्ता एक्स्पोर्ट करणारी ओळ चिकटवली होती. प्रत्येक टर्मिनल उघडलं की डेस्कटॉपने दिलेल्या बरोबर पत्त्यावर ती ओळ जुना पत्ता लिहीत होती. माणूस घर बदलून गेला आणि आपण अजून जुन्याच दाराची बेल वाजवतोय.

हे ओळखायला दोनच आज्ञा लागतात. 'एको डॉलर एसएसएच_ऑथ_सॉक' करून पत्ता बघा, आणि 'एसएसएच-अ‍ॅड -एल' करून एजंटकडे काय आहे ते विचारा. उत्तरं चार प्रकारची येतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा:

किल्ल्यांची यादी आली तर एजंट जिवंत आहे. 'द एजंट हॅज नो आयडेंटिटीज' म्हणजे एजंट आहे पण रिकाम्या हाताने बसलाय. 'कुड नॉट ओपन अ कनेक्शन टू युअर ऑथेंटिकेशन एजंट' म्हणजे बहुधा व्हेरिएबलच भरलेलं नाही. आणि 'एरर कनेक्टिंग टू एजंट: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणजे पत्ता आहे पण तिथे कोणी राहत नाही. आम्हाला हे चौथं मिळालं. बॅशआरसीमधली ओळ काढली, नवं टर्मिनल उघडलं, लागलं. जीसीआरचा सॉकेटच सुरू नसेल तर 'सिस्टमसीटीएल --यूजर एनेबल --नाऊ जीसीआर-एसएसएच-एजंट डॉट सॉकेट' करून पुन्हा लॉगिन करावं.

बॅशआरसीवरून आणखी एक आठवलं. 'इव्हॅल एसएसएच-एजंट' ही ओळ तिथे टाकायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या टर्मिनलला नवा कोरा एजंट मिळतो. एका खिडकीत एसएसएच-अ‍ॅड केलेलं दुसऱ्या खिडकीला माहीत नसतं. 'एका टर्मिनलमध्ये चालतं, दुसऱ्यात नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. 'पीग्रेप -सी एसएसएच-एजंट' करून किती एजंट फिरताहेत ते मोजा. माझ्या स्वतःच्या मशीनवर एकदा अकरा निघाले होते, आणि ती ओळ मीच टाकली होती.

'रीस्टार्ट केलं की बंद' अशी तक्रार असेल तर तीही याच घरातली. साध्या एजंटची आठवण रॅममध्ये असते. काल हाताने एसएसएच-अ‍ॅड केलं होतं, मशीन बंद केलं, विसरला. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं काम तेवढंच. कायमचा इलाज कॉन्फिग फाइलमध्ये आहे. डॉट-एसएसएच फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हरसाठी असा गट लिहावा:

होस्ट ऑफिस
होस्टनेम, पुढे खरा पत्ता
यूजर, पुढे सर्व्हरवरचं नाव
आयडेंटिटीफाइल, पुढे खासगी किल्लीचा पूर्ण पत्ता
आयडेंटिटीजओन्ली येस
अ‍ॅडकीजटूएजंट येस

शेवटच्या ओळीने पहिल्यांदा पासफ्रेज दिला की किल्ली एजंटकडे जाते, दिवसभर पुन्हा विचारणा नाही. या फाइलमध्ये एखाद्या सेटिंगची जी किंमत पहिल्यांदा सापडते तीच धरली जाते, नंतरची नाही. म्हणून 'होस्ट स्टार'चा, म्हणजे सगळ्याच सर्व्हरना लागू होणारा, गट नेहमी सर्वांत खाली. प्रत्यक्षात काय लागू होतंय ते 'एसएसएच -जी ऑफिस' सांगतं, जी मात्र कॅपिटल.

पासफ्रेज लक्षात राहत नाही याचं आणखी एक कारण फक्त डेस्कटॉपवाल्यांच्याच वाट्याला येतं. ऑटो-लॉगिन चालू असेल किंवा बोटाच्या ठशाने आत शिरत असाल, तर लॉगिनचा पासवर्ड टाइपच होत नाही, आणि कीरिंग उघडायला तोच लागतो. कीरिंग बंद, आतला पासफ्रेज बंद. पासवर्ड विसरल्यावर रूटने, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याने, तो बदलून दिला असेल तरी असंच होतं. खात्याचा पासवर्ड नवा आणि कीरिंगला अजून जुनाच आठवतोय. केडीई प्लाझ्मावर कीरिंगच्या जागी के-वॉलेट आणि के-एसएसएच-आस्कपास ही जोडी असते, तक्रार तीच.

'एजंट रिफ्यूज्ड ऑपरेशन'

सर्व्हर अ‍ॅक्सेप्ट म्हणाला, एजंटला सही करायला सांगितलं आणि एजंटनेच हात वर केले. याची मला माहीत असलेली कारणं तीन. खासगी किल्लीच्या फाइलच्या परवानग्या सैल आहेत. शेजारची डॉट पब फाइल दुसऱ्याच किल्लीची आहे, म्हणजे जुनी बॅकअपमधून परत आणताना अदलाबदल झाली. ही खात्री 'एसएसएच-कीजेन -वाय -एफ' करून करता येते. खासगी किल्लीतून तिचं खरं कुलूप काढून दाखवलं जातं, ते डॉट पबमधल्या ओळीशी जुळलं पाहिजे.

तिसरं कारण मी स्वतः भोगलंय. घरच्या डेस्कटॉपवर टीमक्स (टर्मिनलची खिडकी मागे चालूच ठेवणारा प्रोग्राम) चालू ठेवून गणपतीला गावी गेलो. तिथून लॅपटॉपवरून घरच्या मशीनला जोडलो, टीमक्सची जुनी खिडकी उघडली आणि गिट पुश मारलं. काहीच होईना. बराच वेळ लटकून मग 'एजंट रिफ्यूज्ड'. दोन तास मी परवानग्या तपासत होतो. पासफ्रेज विचारणारी चौकट घरातल्या बंद खोलीत मॉनिटरवर उघडून बसली होती! टीमक्सच्या त्या खिडकीकडे डेस्कटॉपच्या एजंटचाच पत्ता होता, आणि तो एजंट प्रश्न विचारतो तो स्वतःच्या स्क्रीनवर. अशा वेळी त्या खिडकीत 'अनसेट एसएसएच_ऑथ_सॉक' केलं की एसएसएच टर्मिनलमध्येच पासफ्रेज विचारतं.

परवानग्या, आणि झेडची गोष्ट

आपल्या बाजूला खासगी किल्लीची फाइल ६००, डॉट-एसएसएच फोल्डर ७००, म्हणजे दोन्ही फक्त मालकासाठी. फाइल इतरांना वाचता येत असेल तर 'अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल' असा मोठा चौकटीतला इशारा येतो आणि किल्ली बाजूला ठेवली जाते. परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉड आज्ञेने सुटतं. सुटत नसेल, म्हणजे सीएचमॉड ६०० करूनही ७७७ दिसत असेल, तर किल्ली विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेली असणार. ड्युअल बूटवाले हे हमखास करतात. तिथे लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. किल्ली होम फोल्डरमध्ये आणा, दुसरा शहाणपणा नको.

सर्व्हरच्या बाजूला गंमत जास्त आहे, कारण तिथे इशारा तुम्हाला दिसत नाही. सर्व्हर 'स्ट्रिक्टमोड्स' पाळतो. ऑथोराइज्ड_कीज ही लावलेल्या कुलपांची फाइल, डॉट-एसएसएच फोल्डर आणि खुद्द तुमचं होम फोल्डर, या तिन्हींत गटाला किंवा इतरांना लिहायची मुभा असेल तर तो ती फाइल वाचतच नाही. होम फोल्डरकडे कोणाचं लक्ष जात नाही. कोणीतरी फाइल शेअरिंग चालेना म्हणून होमवर 'सीएचमॉड -आर ७७७' मारलेलं असतं आणि दोन दिवसांनी एसएसएच बंद पडल्याची तक्रार येते. लॉगमध्ये 'ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड: बॅड ओनरशिप ऑर मोड्स' आणि पुढे फोल्डरचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं. 'सीएचमॉड जीओ-डब्ल्यू' होम फोल्डरवर, झालं.

सूडो (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणं) वापरून ती फाइल बनवली तर मालक रूट होतो. ६०० आणि मालक रूट, मग सर्व्हर ती तुमच्या नावाने उघडायला जातो आणि त्याला उघडता येत नाही. सीएचओनने मालकी परत घ्या.

आणि झेड. शाळेत आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, 'ऑथोराइज्ड' एस घालून. फाइलच्या नावात मात्र झेड आहे, आणि 'कीज' अनेकवचनी. एस घालून बनवलेल्या फाइलकडे बघून कितीही वेळ डोकं फोडलं तरी चूक दिसत नाही, कारण डोळ्याला तेच बरोबर वाटतं. माझ्यासमोर हा प्रकार तीन वेळा आलाय, तिन्ही वेळा इंग्रजी चांगलं असलेल्या माणसांकडून.

किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा मेलमधून चिकटवली असेल तर ओळी मोजा. एक कुलूप म्हणजे एक ओळ, कितीही लांब. मधेच एंटर पडला की ती बाद. खासगी किल्ली अशी फिरवायचीच नाही, पण फिरवली असेल आणि 'एरर इन लिबक्रिप्टो' येत असेल, तर शेवटची रिकामी ओळ गळलीय किंवा विंडोजच्या एडिटरने ओळींचे शेवट बदललेत. विंडोजवरच्या पुट्टी या एसएसएच प्रोग्रामची पीपीके फाइल तर लिनक्सला तशी चालतच नाही, पुट्टीजेनमधून ओपनएसएसएच स्वरूपात काढून घ्यावी लागते.

फेडोरा किंवा रेड हॅटच्या कुळातला सर्व्हर असेल, परवानग्या सगळ्या ठीक असतील आणि तरी नकार असेल, तर एसईलिनक्स, म्हणजे परवानग्यांच्या वरचा जादा पहारा. होम फोल्डर हलवल्यावर किंवा बॅकअप उलगडल्यावर फाइलींवरची लेबलं चुकतात. 'रीस्टोअरकॉन -आर -व्ही' डॉट-एसएसएच फोल्डरवर चालवा.

किल्ल्यांचा जुडगा मोठा झाला की

'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स'. सर्व्हर एका जोडणीत मुळात ६ प्रयत्न देतो आणि दाखवलेली प्रत्येक किल्ली हा एक प्रयत्न धरला जातो. एजंटकडे नऊ किल्ल्या असतील आणि बरोबर असलेली आठवी असेल, तर तिची पाळी येण्याआधीच दार बंद. यावर लोक 'डॅश आय' देऊन फाइल सांगतात आणि तरी तेच होतं म्हणून चक्रावतात. डॅश आय म्हणजे 'ही पण', 'फक्त ही' नव्हे. ती एजंटकडे नसेल तर एजंटकडच्या बाकीच्या तिच्या आधी पुढे जातात. वरच्या गटातली 'आयडेंटिटीजओन्ली येस' ही ओळ त्यासाठीच आहे.

अपग्रेडनंतर जुनी आरएसए

आरएसए ही किल्लीची एक जुनी जात. ओपनएसएसएचच्या (लिनक्सवरचं नेहमीचं एसएसएच) ८.८ आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२१ पासून, जुनी एसएचए-१ पद्धत वापरून केलेली आरएसए सही डीफॉल्टने बंद आहे. डेस्कटॉप नवा, सर्व्हर जुनाट, की 'नो म्युच्युअल सिग्नेचर' असा निरोप येतो. यावरून 'आरएसए किल्ल्या बंद झाल्या' अशी अफवा पसरली, ती खोटी. तीच आरएसए किल्ली एसएचए-२ ने सही करून आजही चालते, फक्त समोरच्या सर्व्हरला ती पद्धत कळायला हवी, आणि ती ७.२ आवृत्तीपासून, २०१६ पासून कळते. सेंटओएस ६ सारख्या म्हाताऱ्या मशीनवर ५.३ आहे. त्याला ना एसएचए-२ कळत, ना ईडी२५५१९, कारण तीही ६.५ मध्ये, २०१४ साली आली. तिथे इलाज एकच: कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका होस्टच्या गटात 'पबकीअ‍ॅक्सेप्टेडअल्गोरिदम्स +एसएसएच-आरएसए', आणि गरज पडली तर 'होस्टकीअल्गोरिदम्स'लाही तीच जोड. होस्ट स्टारखाली ही ओळ टाकू नका. एका म्हाताऱ्यासाठी सगळ्या घराची कडी काढून ठेवायची नसते. डीएसए किल्ली असेल तर मात्र विषय संपला. ती २०१५ पासून डीफॉल्टने बंद होती आणि १०.० मध्ये काढूनच टाकली.

सर्व्हरच्या लॉगपर्यंत

उबुंटू-डेबियनवर 'जर्नलसीटीएल -यू एसएसएच -एफ', फेडोराकडे 'एसएसएच'च्या जागी 'एसएसएचडी'. एका खिडकीत हे चालू ठेवून दुसरीतून जोडायचा प्रयत्न करा. तिथेही काही कळलं नाही तर रूट म्हणून पूर्ण पत्त्यासह 'एसएसएचडी -डी -पी २२२२' चालवा. वेगळ्या पोर्टवर एकच जोडणी घेणारा, प्रत्येक पाऊल बोलून दाखवणारा सर्व्हर उभा राहतो, मूळ सेवेला धक्का नाही.

सेटिंग बदलूनही फरक पडत नसेल तर 'एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी' फोल्डर उघडा. मुख्य फाइल तिथल्या फाइली सुरुवातीलाच आत घेते आणि इथेही पहिली किंमत जिंकते, म्हणून क्लाउडवरच्या मशीनमध्ये तिथे बसलेली एखादी फाइल तुमची मुख्य फाइलमधली दुरुस्ती निष्प्रभ करते. 'एसएसएचडी -टी', टी कॅपिटल, खरी लागू सेटिंग छापतं. लहान टी फक्त चुका तपासतं. सेवा रीस्टार्ट करण्याआधी लहान टी, आणि चालू असलेली एक जोडणी उघडीच ठेवायची. नव्या खिडकीतून आत जाता आलं की मगच जुनी बंद. हे न पाळल्यामुळे मी एकदा रात्री दहाला मोटरसायकल काढून सर्व्हर रूमपर्यंत गेलोय.

किरकोळ राहिलेलं: यूजरनेम दिलं नाही तर एसएसएच तुमच्या डेस्कटॉपवरचंच नाव पाठवतं, गिटहबला ते नेहमी 'गिट' असावं लागतं, अ‍ॅमेझॉन लिनक्सला 'ईसी२-यूजर', उबुंटूच्या क्लाउड इमेजला 'उबुंटू'. 'सूडो गिट क्लोन' केलंत तर किल्ल्या रूटच्या घरी शोधल्या जातात, तुमच्या नाही. आणि स्नॅपमधून घेतलेल्या अ‍ॅपला होममधले टिंबाने सुरू होणारे फोल्डर सहसा दिसत नाहीत. टर्मिनलमध्ये चालतं पण अ‍ॅपमध्ये नाही, असं असेल तर तिकडे बघा.

साताऱ्याच्या सर्व्हरवर लागलं, पण मी त्याला फोन ठेवू दिला नाही. "ऑथोराइज्ड_कीज उघड. किती ओळी आहेत?" चौदा निघाल्या. त्याचे जुने दोन लॅपटॉप, सोडून गेलेला एक माणूस, आणि ओळीच्या शेवटी 'टेस्ट', 'टेस्ट२', 'फायनल' असे शेरे. दर वेळी 'नवीन की बनवून बघितली'चा हा गाळ. कोणती चालू आहे ते लॉग सांगतं: यशस्वी लॉगिनच्या 'अ‍ॅक्सेप्टेड पब्लिककी' ओळीत त्या किल्लीचा ठसा असतो. महिनाभराच्या लॉगमध्ये चारच ठसे सापडले. त्यातले तीन आमच्या ओळखीचे होते. चौथा रात्री अडीचला रोज येत होता. तो बॅकअपचा निघाला, पण ते कळेपर्यंत दोघांचाही चहा गार झाला होता. बाकीच्या दहा ओळी काढल्या, आणि सकाळी बनवलेली त्याची नवी किल्लीही त्याला पुसायला लावली.